तारीख नसलेली दुखापत

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर बेळ्ळंदूरजवळ इकोस्पेस, इकोवर्ल्ड, एम्बसी टेकव्हिलेज अशी आयटी संकुलं ओळीने उभी आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडची कितीतरी मुलंमुली इथे दिवसभर संगणकापुढे असतात. तिशीच्या आतच त्यांच्या बोलण्यात मान, मनगट, कंबर येऊ लागते. त्यावरचा सल्ला ठरलेला: ताठ बस, योगासनं कर. सल्ला खोटा नाही. पण तो दुखण्याचा सगळा दोष दुखणाऱ्याच्याच पदरात टाकतो. टेबलाला कुणी जाब विचारत नाही.

ऑफिसचं टेबल बहुधा 73 ते 75 सेंटिमीटर उंच असतं. भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास. पाय टेकून बसलं की तिचं कोपर जमिनीपासून साधारण 60 सेंटिमीटरवर येतं. मग कीबोर्डसाठी खांदे सतत उचललेले राहतात. खुर्ची वर घ्यावी, तर पाय अधांतरी लोंबतात आणि बैठकीची कड मांड्यांखाली रुतते. ते टाळायला ती पुढे सरकते आणि पाठीचा आधार सुटतो. यालाच आपण ‘बसायची वाईट सवय’ म्हणतो! पायाखाली एक पाट दिला तरी निम्मं काम होतं. लॅपटॉपचंही तसंच. पडदा आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले, त्यामुळे मान तरी वाकते नाहीतर हात तरी अवघडतात. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणि कीबोर्ड वेगळा, हाच त्यावर उपाय. भारतीय शरीराची मापं उपलब्ध नाहीत, ही सबबही चालणार नाही; अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती 1997 मध्येच पुस्तकरूपाने छापली आहेत.

हे ज्ञान नवं नाही. इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने 1713 साली लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणं सांगितली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. ब्रिटनने 1908 मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा पेटका भरपाईच्या यादीत घेतला. 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948च्या कारखाने कायद्याने ज्या रोगांची नोंद सक्तीची केली त्यांत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता. झिजलेलं मनगट नव्हतं. यंत्रात बोट सापडलं तर त्याला तारीख असते, साक्षीदार असतात. ही दुखापत वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने साचते, म्हणून ती अपघातांच्या वहीत चढत नाही. आणि जी वहीत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही निघत नाही.

त्याच आयटी संकुलांच्या फाटकावर सुरक्षारक्षक पाळीभर उभे असतात. त्यांच्यासारख्याच उभ्याने राबणाऱ्या दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणं केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्याने बंधनकारक केलं. बसून झिजणारे आणि उभं राहून झिजणारे यांचा प्रश्न एकच आहे.

बेळ्ळंदूर असो की पुण्याजवळचं हिंजवडी, कंपन्यांनी अपघातांच्या नोंदवहीत मान, मनगट आणि पाठीसाठी रकाना उघडावा. आणि तुमचा हात रात्री बधिर होत असेल, तर ते अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि कंपनीलाही लेखी कळवा.