तिऱ्हाइताचा वाटा

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपण हसत उच्चारतो. पण ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला ती वेगळं काही सांगते: अन्याय झाला तर गप्प बस.

ब्रिटनमधल्या सबपोस्टमास्तरांचं उदाहरण घ्या. कोपऱ्यावरचं छोटं दुकान, त्यातच पोस्टाचा काउंटर. ते पोस्ट ऑफिसचे नोकर नव्हेत, कंत्राटदार, दुकान स्वतःचं. त्यांच्यात भारतीय वंशाचेही बरेच. १९९९पासून बसवलेल्या 'होरायझन' संगणकप्रणालीने त्यांच्या हिशेबात खोट्या तुटी दाखवल्या. कुणी त्या पदरमोड करून भरल्या, तर शेकडो जण चोरीच्या नि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरले.

ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी सामूहिक दावा लावला. खर्च उचलला 'थेरियम' या गुंतवणूक कंपनीने. डिसेंबर २०१९मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. त्यातले सुमारे ४ कोटी ६० लाख वकील आणि गुंतवणूकदार यांच्याकडे गेले. दुकानदारांच्या हाती सरासरी वीसेक हजार आले.

हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, असं चटकन मनात येतं. मला ते पटत नाही. दावा हरला असता तर गुंतवणूकदाराचा पैसा बुडाला असता, आणि तो नसता तर दावा उभाच राहिला नसता. खुद्द बेट्स यांनीही अशा अर्थसाहाय्याची जाहीर बाजू घेतली आहे.

मला खुपतं ते वेगळंच. गुंतवणूकदाराचा मोबदला इंग्लंडच्या न्यायालयात साधारणपणे हरलेल्याकडून वसूल होत नाही. तो अन्याय झालेल्याच्या भरपाईतून कापला जातो. समोर सरकारी मालकीचं पोस्ट ऑफिस होतं. खटला चालू असतानाच, मार्च २०१९मध्ये, त्याने न्यायाधीशच बदलून मागितले. तो अर्ज फेटाळला गेला. पण प्रतिपक्ष जितका ताणेल तितका खर्च फुगतो, आणि फिर्याद करणाऱ्याचा वाटा आटतो.

शिवाय या ५५५ जणांनी मिळवलेलं सत्य सगळ्यांच्या कामी आलं. त्याच निकालाच्या आधारे पुढे इतरांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०२०मध्ये पोस्ट ऑफिसने भरपाईची योजना काढली, तर तडजोड झाली म्हणून हेच ५५५ जण तिच्याबाहेर! त्यांच्यासाठी वेगळी योजना जाहीर व्हायला मार्च २०२२ उजाडला. विहीर ज्यांनी खणली, तेच पाण्याच्या रांगेत शेवटी.

मग काय करावं? पैसा पुरवणाऱ्याला हाकलून प्रश्न सुटत नाही. दुकानदार पुन्हा एकटा पडतो. महाराष्ट्रात लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीत एक जुना शहाणपणा आहे: दाव्यातल्या मालमत्तेत वाटा घेण्याच्या बोलीवर पैसा लावणाऱ्याला न्यायालय दाव्यात सामील करून घेऊ शकतं. म्हणजे वाटा घ्या, पण उजेडात या.

माझ्या मते त्यापुढे आणखी एक पाऊल हवं. बलाढ्य प्रतिवादीने जाणूनबुजून खटला ताणला असेल, तर त्या तिऱ्हाइताचा वाटाही न्यायालयाने प्रतिवादीकडूनच वसूल करावा. ज्याच्या हट्टापायी उसना पैसा घ्यावा लागला, त्यानेच त्याची किंमत मोजावी. ती दुकानदाराच्या गल्ल्यातून जाऊ नये.