न्यायासन जवळचे की दूरचे?

ज्या राज्यकर्त्याने आपल्याच प्रजेचा छळ केला, त्याचा न्याय कोणी करावा? शेजाऱ्यांनी, की दूरच्या परक्यांनी?

चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याची राजवट 1982 ते 1990 अशी आठ वर्षे चालली. राजधानी एन्जामेना येथील एका जुन्या जलतरण तलावावर छत घालून त्याच्या गुप्त पोलिसांनी तळघराचा तुरुंग केला होता. चाडच्याच चौकशी आयोगाने 1992 साली मृतांचा अंदाज 40,000 असा वर्तवला. सत्ता गेल्यावर हाब्रे सेनेगलमध्ये निवांत राहिला. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, कारण 1 जुलै 2002 पूर्वीचे गुन्हे त्या न्यायालयाच्या कक्षेत येतच नाहीत. अखेर 2013 मध्ये आफ्रिकन संघ व सेनेगल यांनी मिळून डाकार येथे खास न्यायपीठ उभारले. अध्यक्ष बुर्किना फासोचे, दोन सहन्यायाधीश सेनेगलचे. 30 मे 2016 रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. एका आफ्रिकी सत्ताधीशाचा न्याय आफ्रिकेच्याच भूमीवर झाला, हे लहानसहान नव्हे.

परंतु शेजारी आपणहून जागे झाले काय? पीडितांनी वर्षानुवर्षे दारे ठोठावली, बेल्जियमने आरोपीची मागणी केली, आणि खटला चालवा किंवा त्याला सोपवा, असा निर्णय 2012 साली हेगच्याच दुसऱ्या एका न्यायालयाने, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, दिला. तेव्हा कुठे पाऊल पडले.

हेगचे फौजदारी न्यायालय केवळ आफ्रिकींनाच पकडते, ही तक्रार पहिल्या दशकापुरती खोटी नव्हती. आरोपी सारे त्याच खंडातले होते. म्हणून 2014 मध्ये मालाबो येथे आफ्रिकन संघाने स्वतःच्या फौजदारी न्यायालयाचा मसुदा संमत केला. त्यात मात्र पदावरील राष्ट्रप्रमुखांना अभय दिले आहे. 1998 चा रोम करार नेमके उलट सांगतो: पद ही ढाल नव्हे. (भारताने त्या करारावर सही केलेली नाही, तेव्हा आपण उपदेश जपूनच करावा.) शिवाय राष्ट्रीय न्यायालय असमर्थ वा अनिच्छुक असेल तेव्हाच हेगने लक्ष घालावे, असे तो करार म्हणतो; प्रादेशिक न्यायालयाला त्या चौकटीत जागाच नाही.

माझ्या मते अपमानाची भरपाई अभयदानाने होत नाही. दूरच्या न्यायाधीशाला पक्षपाती म्हणणाऱ्याने जवळचा न्यायाधीश अधिक निर्भय असल्याचे दाखवावे. डाकारने ते दाखवले; मालाबोच्या मसुद्यात ते दिसत नाही.

हाब्रे 2021 च्या ऑगस्टमध्ये, शिक्षा भोगत असतानाच, डाकारमध्ये वारला. न्यायपीठाने मंजूर केलेली नुकसानभरपाई तोवर पीडितांच्या हाती पडली नव्हती.