फेसाचं शास्त्र

बेळ्ळंदूरचं तळं बेंगळुरूतलं सर्वांत मोठं, सुमारे ९०० एकरांचं. बाहेरच्या जगाला मात्र ते फेसामुळे आणि आगीमुळे माहीत झालं. मे २०१५ मध्ये तिथल्या फेसानेच पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तळ्यातली आग विझवायला लष्कराचे हजारो जवान उतरले. सर्जापूर रस्त्यावरच्या मराठी घरांतून तेव्हा पुण्याला व्हिडिओ जायचे आणि तिकडून उत्तर यायचं, "तुमच्याकडे पाणीसुद्धा पेटतं म्हणे!" ही थट्टा पुणेकरांना आता परवडणारी नाही. आळंदीला इंद्रायणी फेसाळते आणि वारकरी त्या फेसातच स्नान उरकतात.

तळ्याच्या सांडव्याजवळ उभ्या राहणाऱ्या कोणालाही एक प्रश्न पडायचा. पाऊस पडल्यावर पाण्यातली घाण विरळ व्हायला हवी, मग फेस नेमका तेव्हाच का वाढतो? भारतीय विज्ञान संस्थेतल्या (रिक्षावाल्यांच्या भाषेत अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट') चाणक्य, लक्ष्मीनारायण राव आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं तळ्याचे नमुने तपासून या प्रश्नाचा माग काढला. आपल्या न्हाणीघरातला आणि वॉशिंग मशीनमधला साबण मैलापाण्याबरोबर तळ्यात येतो. तळ्याच्या पाण्यात प्राणवायू नसल्याने तो पुरता कुजत नाही, गाळाला चिकटून साठत राहतो. जोराच्या पावसात गाळ ढवळला जातो, साबण सुटतो, आणि सांडव्यावरून कोसळताना पाण्यात हवा मिसळते. पाण्यातले बारीक कण आणि त्यांतले जिवाणू फेसाला टिकवून धरत असावेत, असंही त्यांना दिसलं. म्हणजे वरचा फेस कितीही फवारे मारून बसवला, तरी तळाचा गाळ आणि वरून येणारं सांडपाणी यांचा बंदोबस्त होईपर्यंत तो परतणारच. पालिकेच्या कुठल्याही अंदाजपत्रकाला इतका थेट उपयोगी पडणारा निष्कर्ष विरळाच.

आता हे ज्ञान खुलं आहे का? याच संस्थेने २००२ मध्ये आपल्या शोधनिबंधांचं इंटरनेटवरचं भांडार उघडलं. देशात ती सुरुवात होती. तिथल्याच टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने बेंगळुरूच्या तळ्यांवरचे अहवाल वर्षानुवर्षं कोणालाही फुकट वाचता येतील असे ठेवले. तळ्यांवरच्या त्यांच्या परिषदांमध्ये शाळकरी मुलंसुद्धा निबंध वाचतात. पण दार उघडं ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. २००८ मध्ये याच संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं, की लेखकाकडून पैसे घेऊन वाचकाला फुकट देण्याची पद्धत गरीब देशांना मारक आहे. आम्हाला वाचता येईल, पण छापता येणार नाही. मला हे अजून पटतं. सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शोधपत्रिका वाचायला देणाऱ्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली. बेळ्ळंदूरच्या सोसायटीतला सचिव किंवा आळंदीतला शाळामास्तर मात्र त्या यादीत नाही.

आणि समजा, उद्या सगळं फुकट झालं. तरी ते इंग्रजीत असणार. बेंगळुरूच्या गुब्बी लॅब्जचं 'रिसर्च मॅटर्स' संशोधनाच्या बातम्या कन्नडबरोबर मराठीतही देतं. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, आणि चांगलं लिहिणारे आपल्याला कधीच कमी पडलेले नाहीत. फक्त आपल्या विज्ञानलेखनाचा ओढा कृष्णविवरांकडे जास्त, गटाराकडे कमी. (दिवाळी अंकाच्या संपादकांना गटार जरा अशुभही वाटत असावं.)

माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. बेळ्ळंदूरचा निबंध उत्तम मराठीत आला, तरी आळंदीच्या माणसाचं त्यावर भागणार नाही. तळ्यात पाणी साचतं, नदीत वाहतं. इंद्रायणीला पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि कारखाने भेटतात. तिथल्या फेसाचं कारण तेच असेल, असं बेंगळुरूच्या गाळावरून सांगता येत नाही. नमुने तिथलेच घ्यावे लागतील, तेही पावसाआधी आणि पावसानंतर, आणि घाटावरच्या माणसाला त्यांचे निकाल कोणाकडे मागायचे हे ठाऊक हवं. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे आकडे प्रसिद्ध करतं. पण प्राणवायू किती असला म्हणजे मासा जगतो, हे नुसत्या आकड्यावरून घाटावरच्या माणसाला कळत नाही. अशा आकड्यांना खुलं म्हणणं मला जड जातं, कारण त्यांना उलटा प्रश्न विचारता येत नाही.

बेळ्ळंदूरला निदान प्रश्न विचारणारे होते. काठावरच्या रहिवाशांनी आरडाओरडा केला, २०१७ मध्ये हरित लवादाने आपणहून दखल घेतली, आणि तिथे संशोधकांच्या मोजमापांना वजन आलं. पुढे गाळ काढण्याचं कामही सुरू झालं, रडतखडत का होईना. हे रहिवासी बहुतेक शिकलेले, इंग्रजी जाणणारे आणि महागड्या फ्लॅटांचे मालक होते, ही गोष्ट मात्र विसरू नये.

आळंदीच्या घाटावर दर महिन्याचे आकडे मराठीत, अर्थासकट, फलकावर लिहायला खडू आणि फळा पुरेल. पण ते लिहिले, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारील, पाणी इतकं वाईट आहे तर त्यात घाण सोडतंय कोण? फळा अजून न लागण्याचं कारण बहुधा खडूचा खर्च नसावा.