नटाचा शोक आणि अभिनवगुप्त

बडोदे सरकारच्या एकाच खजिन्यातून, एकाच राजाच्या मंजुरीने, दोन अशी कार्ये पोसली गेली की ज्यांचा परस्परांशी संबंध आहे हे त्या काळच्या दरबारी दप्तरात कोणाच्या ध्यानी आले असेल असे मला वाटत नाही. २० फेब्रुवारी १९१९ रोजी, नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या निधनास पुरता महिनाही झाला नसता, सयाजीराव महाराजांचा राजाश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीने बडोदे नगरीत ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला, आणि १९२६ साली याच नगरीच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला, अभिनवगुप्ताच्या टीकेसह असलेला, भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. रंगभूमीवर जे प्रत्यक्ष घडले होते त्याविषयीचा सर्वांत सूक्ष्म विचार असा सात वर्षांनी छापून आला.

प्रश्न जुनाच आहे. रंगमंचावर जो शोक दिसतो तो कोणाचा? नाट्यशास्त्राचा जुना भाष्यकार लोल्लट याने तो मूळ पात्राचा मानला आणि नटाने अनुसंधानाने तो आपल्यावर ओढून घेतला असे म्हटले. शंकुकाने प्रेक्षकाच्या अनुमानास महत्त्व दिले. अभिनवगुप्ताने मात्र निःसंदिग्धपणे सांगितले की रस सहृदयाच्या ठायी आहे, आणि पेल्यातील मद्याची चव जशी पेल्याला लागत नाही तशी रसाची चव नटाला नाही. या सिद्धान्तापुढे मान तुकवावी इतका तो रेखीव आहे. परंतु नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, चरित्राशी तो ताडून पाहू लागलो की माझे मन अडखळते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ज्या घरात सुतक पाळायचे त्या घरचा कर्ता पुरुष तोंडाला रंग लावून, शालू नेसून, दागिने लेवून, भामिनीच्या मानिनी तोऱ्याने आणि लाडिक गळ्याने रसिकांपुढे उभा राहिला. आणि नाटक शोकान्त नव्हते, प्रणयाचे होते, तेव्हा अश्रूंना भूमिकेच्या आडून वाट मिळण्याचीही सोय नव्हती. या प्रसंगाला आपण सहजपणे स्थितप्रज्ञतेचे नाव देतो. मला ते पटत नाही. गीतेने दुःखात मन उद्विग्न होऊ न देणाऱ्याचे वर्णन केले आहे. ज्याचे मन आतून फाटले आहे आणि तरीही जो सुरावर उभा आहे, त्याची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक कठीण आहे. तेथे विरक्ती नसते. मायबाप म्हणून ज्या रसिकांना मानले त्यांच्यापायी स्वतःचे दुःख काही प्रहर बाजूस ठेवणारी ती भक्ती असते.

आता ‘एकच प्याला’चा बडोद्याचा तो प्रयोग पाहा. सिंधू ठिगळांच्या लुगड्यात जात्यावर बसते, दळता दळता गाते, आणि पुढे नशेत धुंद झालेल्या सुधाकराच्या हातून तिचे तान्हे मूल मारले जाते. गणपतराव बोडसांच्या सुधाकरासमोर ती सिंधू झालेला माणूस स्वतः अपत्यवियोग भोगलेला बाप होता. आठ वर्षांपूर्वी भामिनीच्या शालूखाली दाबलेला हुंदका सिंधूच्या मुखातून बाहेर पडला, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. अभिनवगुप्त येथे आपल्याला आवरतो, आणि यथार्थपणे आवरतो: स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे रसास विघ्न आहे. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ते मूल आपले वाटले, कारण ते कोणा एकाचे उरले नव्हते. एका बापाची ओळख त्यावर राहिली असती तर लोकांनी त्याची कीव केली असती, सिंधूसाठी रडले नसते.

तरी अभिनवगुप्ताचा अर्धाच निर्णय मी स्वीकारतो. रस प्रेक्षकाचा, हे खरे. पण नट कोरडा राहतो, हे खरे नव्हे. शोकाचा वैयक्तिक अंश जाळून तो सर्वांच्या स्वाधीन करण्याची क्रिया नटाच्याच देहात, नटाच्याच श्वासावर चालते आणि तिची किंमत तोच मोजतो. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त, १९३५ साली, बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली, परंतु बोलपटाच्या व्यवसायात ते रमले नाहीत आणि पुन्हा नाटकाकडे वळले; समोर मायबाप नसता हे अर्पण करावे तरी कोणाला, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असावा असे मी समजतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याच शास्त्रात बसत नाही. त्या मुलीला आईही होती. लक्ष्मीबाईंना आपला शोक ठेवायला रंगमंच नव्हता, तो वाटून घ्यायला रसिकही नव्हते. ‘मानापमाना’च्या पहिल्या रात्रीची हकीकत आपण पुढच्या पिढीस सांगू तेव्हा त्यांचेही नाव त्यात अवश्य घ्यावे.