दहापैकी किती?

दुखणं या विषयावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे. तो पदवीने आलेला नाही, कण्हण्याने आलेला आहे. पायाला साधी ठेच लागली तरी माझ्या तोंडून असा काही स्वर निघतो की समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी हातातली कामं टाकून गॅलरीत येतात. माझी दाढ दुखत असली की घरातल्या सगळ्यांनी हळू आवाजात बोलावं आणि शक्यतो माझ्या दाढेविषयीच बोलावं, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. ‘बाळंतपणं आम्ही केली आणि कण्हायचं खातं मात्र तुमच्याकडे!’ असं यावर आमच्या सौ.चं मत आहे. ते ती आल्यागेल्याला ऐकवतही असते.

याच्या अगदी उलट माझी आत्या. आत्याच्या व्याकरणात ‘दुखणे’ हे क्रियापद फक्त तृतीय पुरुषी चालायचं. ‘त्याचं डोकं दुखतंय, चहा टाक.’ ‘तिचे पाय दुखत असतील, बसू दे तिला.’ प्रथमपुरुषी एकवचनी दुखणं तिला ठाऊकच नव्हतं. हाताला फोड येईपर्यंत भाजलं तरी ‘काही नाही रे, जरा चटका बसला.’ आमच्या घराण्यात तिचं उदाहरण दिलं जायचं. ‘किती सोसलं बाईनं, पण कधी ब्र काढला नाही,’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की, ब्र हे अक्षर काढायचं नसतं, एवढीच त्याच्याविषयी मला माहिती आहे.

२०२२च्या डिसेंबरात ही दोन टोकं एका गाडीत बसून अजिंठ्याला निघाली. आत्याला ७४ पुरी झाली होती आणि ‘एकदा ती लेणी दाखव रे’ हे तिचं आयुष्यातलं बहुधा पहिलंच मागणं होतं. संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याने अजिंठ्याचा घाट उतरलं की पायथ्याशी फर्दापूर लागतं. मुक्काम तिथेच केला. सकाळी फाट्यावर गाडी सोडली, लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो, पायऱ्या चढलो. पहिल्याच लेण्यात पद्मपाणीचं चित्र बघून मी भारावलो आणि भारावलेल्या अवस्थेतच बाहेर पडताना माझा पाय मुरगळला. दीड हजार वर्षं जपलेली तिथली शांतता माझ्या किंकाळीने भंगली. एका परदेशी बाईंनी कॅमेरा पद्मपाणीवरून माझ्याकडे वळवला.

पुढची लेणी मी डोलीतून पाहिली. चार माणसं मला खुर्चीसकट उचलून नेत होती आणि शेजारून ७४ वर्षांची आत्या पदराने मला वारा घालत चालत होती. सव्विसाव्या लेण्यात भिंतीलगत कोरलेले ते महापरिनिर्वाणाचे बुद्ध आहेत. सात मीटर लांबीची मूर्ती उजव्या कुशीवर निजलेली, खाली शिष्य शोक करताहेत. आत्या तिथे खांबाला पाठ टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ‘कसा शांत निजलाय बघ. ह्याचं नसेल बाई काही दुखत.’

संध्याकाळी फर्दापुरात एका तरुण डॉक्टरांना पाय दाखवला. त्यांनी विचारलं, ‘काका, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखणं कल्पनेतही येत नाही. तर दहापैकी किती?’

‘साडेनऊ,’ मी म्हणालो. अर्धा गुण मी शालीनतेपोटी सोडला होता.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि क्रेप बँडेज गुंडाळलं. तेवढ्यात आत्या स्टुलावरून भिंतीला धरून उठली. ते त्यांनी पाहिलं.

‘आजी, तुमचं काय?’

‘माझं कुठे काय? कंबर जरा धरते. वात आहे.’

‘दहापैकी किती?’

‘असेल एखादा.’

‘रात्री दुखून जाग येते?’

‘या वयात झोप असते कुठे?’

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘घरी गेल्यावर आजींच्या पाठीचा एक फोटो काढून घ्या.’ मी मान हलवली. माझं लक्ष माझ्या बँडेजकडे होतं.

रात्री ढाब्यावर शेवभाजी मागवली. खानदेशची हद्द जवळ आल्याची ही पहिली खूण. दुसऱ्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांना धारा लागल्या. या धारांवर मी पुढे बरंच वाचलं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये दाखवून दिलं की मज्जातंतूंच्या टोकाशी प्रथिनाची एक खिडकी असते. साधारण ४३ अंशांच्या वर चटका बसला की ती उघडते आणि मेंदूला वर्दी जाते, ‘आग लागली!’ मिरचीतलं द्रव्य नेमकी हीच खिडकी उघडतं. या कामासाठी २०२१चं नोबेल त्यांना मिळालं, स्पर्श आणि दाबाच्या खिडक्या शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. म्हणजे शेवभाजीने जीभ भाजत नाही. आग नसताना मज्जातंतू नुसतीच बोंब ठोकतो. माझा स्वभाव मला कुठून मिळाला, याचा उलगडा तेव्हा झाला.

त्या रात्री आत्या माझा पाय चोळत बसली. चोळल्याने बरं का वाटतं, याचीही उपपत्ती आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५मध्ये ती मांडली. दुखण्याची वर्दी बारीक, संथ तंतूंवरून येते आणि स्पर्शाची जाड, चपळ तंतूंवरून. पाठीच्या कण्यात एक दार असावं, स्पर्शाची वर्दी तिथे आधी पोचते आणि दुखण्यापुढे ते दार लोटून घेते. पुढे या चित्रात दुरुस्त्या झाल्या, पण दुखणं वाटेत कमी-जास्त होतं हा मुद्दा टिकला. आत्याने मेल्झॅकचं नावही ऐकलं नव्हतं. ती माझं दार लावत बसली होती. तिचं स्वतःचं सताड उघडं होतं, हे मला कळलं नाही.

पाठीचा फोटो काढायला मार्च उजाडला. माझा पाय बरा झाला होता, त्यामुळे दुखणं हा विषयच घरात मागे पडला होता. फोटोत मणका पोखरलेला दिसला. मग तपासण्यांवर तपासण्या झाल्या. मूळ छातीतल्या गाठीत होतं. ती गाठ आत्याला दीड वर्षापासून ठाऊक होती.

‘आत्या, सांगितलं का नाहीस?’

‘दुखत नव्हती रे. दुखत नाही ते काय सांगायचं?’

‘आणि पाठ? ती तर दुखत होती ना?’

‘दुखतं ते तरी काय सांगायचं?’

या दोन वाक्यांच्या चिमटीत आपल्याकडच्या किती बायका सापडल्या असतील, कोण जाणे. दाढेतली राईएवढी कीड अख्खी चाळ जागी करते आणि स्तनातली गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला चकार शब्द काढत नाही. पहारेकरी म्हणून निसर्गाने नेमलेलं दुखणं हे असं आहे. मिरचीवर भुंकतं आणि चोर आत शिरला तर झोपून राहतं.

दुखणं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतंच. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात, म्हणून चटका बसला, खिळा रुतला तरी कळत नाही आणि त्या न कळलेल्या जखमांनी बोटं जातात. पुण्यात १९१७मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर आणि काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनीच काम केलं. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एक रोग दुखणं मारून टाकतो आणि दुसरा सुरुवातीला त्याला झोपू देतो. एकाच बाईने आयुष्यभर या दोघांचा माग काढावा, याचं मला फार वाटतं.

असो. आत्याला इस्पितळात ठेवलं. रोज तोच प्रश्न, ‘आजी, दहापैकी किती?’ रोज तेच उत्तर, ‘तीन.’ तीनच्या मानाने औषध मिळत होतं. आठव्या दिवशी मी विचारलं, ‘तीनच का गं?’

‘एक म्हटलं तर खोटं वाटेल. पाच म्हटलं तर तू रात्री थांबशील. तुला झोप नसली की पित्त होतं.’

मला माझे साडेनऊ आठवले आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. दुखण्याला काही नाही. मेंदूच्या चित्रात दिवे लागलेले दिसतात, पण तुम्हाला किती दुखतंय ते दिसत नाही. म्हणून मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने १९६८मध्ये म्हटलं की, दुखणाऱ्या माणसाने जे सांगितलं तेच दुखणं. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा रुग्णाच्या सांगण्याचा मान राखावा, असं सोबत नमूद केलं. कण्हणाऱ्यांची बाजू अशी भक्कम झाली. पण जी ‘तीन’ म्हणते तिचं काय?

सोसणं हा गुण आहे का, हा प्रश्न मी तेव्हापासून चघळतो आहे. नाही म्हणवत नाही. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं की, भयंकर जखमी झालेले पुष्कळसे सैनिक दुखण्याचं औषध मागतच नव्हते. जिवंत सुटलो, आता घरी जाणार, या अर्थाने त्यांचं दुखणं हलकं केलं होतं. पण आत्याच्या दुखण्याला कसला अर्थ? रोग सापडला होता, उपचार सुरू होते. टपाल घेऊन झालं तरी पोस्टमन दार ठोकतोच आहे, असला तो प्रकार. तो ठोका सोसण्यात पराक्रम कुठला? परदुःख शीतल म्हणतात. ते आपोआप शीतल होत नाही. कुणीतरी पदराने वारा घालून आपल्यासाठी ते थंड ठेवत असतं आणि आपण त्याला सोशिकपणा म्हणून टाळ्या वाजवतो. सोसणाऱ्याचं कौतुक करणाऱ्यांत सगळ्यात पुढे तीच मंडळी असतात ज्यांची त्यामुळे झोप वाचते. आमच्या घराण्यात त्या मंडळींत पहिला नंबर माझा.

सुटका केली एका सिस्टरने. ती म्हणाली, ‘आजी, आकडा राहू द्या. दुखतं कसं ते सांगा. आणि रोजचं कुठलं काम आता जमत नाही?’

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरने मला चहा प्यायला पाठवलं. परत आलो तर तिच्या कागदावर जागा उरली नव्हती. दिवसा सलतं, वळताना चमक येते, रात्री ठणकतं, पहाटे मांडीपर्यंत आग होते आणि करंट लागल्यासारखं होतं. भाकरी थापता येत नाही, सहा महिने झाले. मेल्झॅकने १९७५मध्ये दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द गटवार मांडून प्रश्नावली केली होती. तो आत्याकडे आला असता तर त्याला दुसरी वही काढावी लागली असती. पण हा शब्दांचा खेळ नव्हे. आग आणि करंट म्हणजे मज्जातंतू दाबला जातोय, त्याचं औषध वेगळं. हाड ठणकतं त्यावर किरणोपचार. आणि या सगळ्यावर मॉर्फिन.

मॉर्फिन म्हटल्यावर आमच्या घराण्याची बैठक बसली. ‘म्हणजे अफूच की!’ ‘सवय लागेल.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘लागली तर केव्हा सोडवायची आहे?’ सगळे गप्प झाले. ही भीती एकट्या आमच्या घराण्याची नाही. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, तिचा माल परदेशी औषधांसाठीही जातो, आणि १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणं महामुश्कील झालं होतं. २०१४मध्ये कायदा सैल केला, पण मनातला कायदा अजून १९८५चाच आहे. डॉक्टरांनी मात्र मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध न चुकता घ्यायला बजावलं. त्यांच्या अनुभवात व्यसनाहून बद्धकोष्ठाने छळलेले पेशंट जास्त होते.

चौथ्या रात्री आत्या सलग सहा तास झोपली. घरी आल्यावर एका रविवारी तिने ओट्यापाशी खुर्ची मागवून दोन भाकऱ्या थापल्या. दोन्ही वेड्यावाकड्या. त्या मी कण्हल्याशिवाय खाल्ल्या.

त्याच सुमारास बौद्ध सुत्तांविषयी वाचताना मला एक प्रसंग सापडला. पावा गावी एकदा रात्री उशिरा बुद्धांनी सारिपुत्तांना सांगितलं की, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, पुढचं भिक्षूंना तू सांग. आणि ते उजव्या कुशीवर निजले. मी धावत जाऊन आत्याला हे वाचून दाखवलं. तिला फार गंमत वाटली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘हे मला फर्दापूरला का नाही रे सांगितलंस?’

याला उत्तर नव्हतं. ऑक्टोबरात ती गेली. शांतपणे गेली आणि हे मी निजलेल्या मूर्तीकडे बघून म्हणत नाही, सिस्टरने विचारून खात्री केली होती.

आता घरात कुणी ‘काही नाही’ म्हणालं की मी विचारतो, ‘काही नाही म्हणजे दहापैकी किती?’ सौ. या प्रश्नाला भयंकर वैतागली आहे. परवा जिना चढताना ती मधेच थांबली. मी विचारलं. ‘काही नाही हो.’ मी पुन्हा विचारलं. ‘सहा!’ ती ओरडली. ‘झालं समाधान?’

त्याच दिवशी दुपारी तिच्या गुडघ्याचा फोटो काढून आणला. मार्चची वाट पाहिली नाही.