देहातील यंत्र आणि अमानत

मानेच्या मणक्यातील मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूची आज्ञा हातापर्यंत पोहोचत नाही. हाताचे स्नायू मात्र पुष्कळदा सजीव असतात. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधकांनी अशा रुग्णांसाठी शरीरात बसवायच्या छोट्या घटकांची साखळी सिद्ध केली आहे. रुग्णाच्या ताब्यात उरलेल्या स्नायूचा संकेत एक घटक टिपतो, दुसरा लुळ्या स्नायूंना विजेची सौम्य चेतना देतो आणि मूठ मिटते. गरजेनुसार घटक वाढवता येतात.

हा तकदीरमध्ये हस्तक्षेप नव्हे काय, असे कोणी विचारील. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात गेले होते. त्यांनी बसवलेल्या चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत ही नोंद आहे. पुरुषांना सोने वर्ज्य असताना ही मुभा मिळाली. शिवाय, पहिला उपाय फसल्यावर केवळ सब्रचा उपदेश करून त्यांची बोळवण झाली नाही.

खरा नैतिक प्रश्न इथूनच सुरू होतो. याच परंपरेतील ‘फ्रीहँड’ या यंत्राला १९९७ साली अमेरिकेत शासकीय मान्यता मिळाली. दोनशेहून अधिक रुग्णांना ते बसवले गेले. पुढे काही वर्षांतच कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. यंत्र निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे, तर व्यवहार परवडेना म्हणून. बाजार उठला, यंत्र मात्र माणसांच्या देहात राहिले. त्याचे बाहेरचे सुटे भाग बिघडले तर रुग्णाने कोणाच्या दारी जावे?

खाट विकली की विक्रेता मोकळा होतो. देह ही अल्लाहची अमानत आहे. त्यात यंत्र बसवणारा त्या अमानतीचा भागीदार होतो आणि यंत्र देहात आहे तोवर तो मोकळा होत नाही. सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. कंपनी बुडाली तर काय, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुट्या भागांची व दुरुस्तीची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच, वक्फप्रमाणे बाजूला काढून ठेवलेली असावी.

आपल्या घरी असा प्रसंग आला तर सही करण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा: तुम्ही नसाल तेव्हा जबाबदारी कोणाची? हाच प्रश्न घरातल्यांनी स्वतःलाही विचारावा. यंत्राची बॅटरी चार्ज करणे, रुग्णाला तपासणीला नेणे, हे त्याच्यावर उपकार नव्हेत. तोही त्याच कराराचा भाग आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत निभावण्याचे बळ देवो. आमीन.