जुने कोणाला म्हणावे?

आमच्या घरी २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सुरू व्हायला तो इतका वेळ घेई की तेवढ्यात चहा उकळून निघे. नवा घ्यावा, असे मुलांनी ठरवलेच होते. पण निकालापूर्वी आरोपीची चौकशी व्हावी, म्हणून मी तो उघडून घेतला. प्रोसेसर धडधाकट होता. अडखळत होती ती फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली, ४ जीबी रॅमची ८ केली आणि यंत्र चटकन जागे होऊ लागले.

प्रश्न मात्र तेथे मिटला नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; आमचा सहाव्या पिढीचा. यामागे सुरक्षिततेचे कारण आहे, ते खोटे म्हणवत नाही. तरीही वस्तूचे वार्धक्य तिच्या झिजेवरून ठरावे की निर्मात्याच्या वेळापत्रकावरून? आपण टाकून दिलेली अशी यंत्रे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हातांनी फोडली जातात, आणि त्यांचे विष फोडणाऱ्यांच्या छातीत उतरते. ही किंमत आपल्या बिलात लिहिलेली नसते.

जुन्यावर आम्ही लिनक्स घातले. धाकटीचा अभ्यास त्यावर चालतो. थोरल्याला आराखड्यांच्या कामासाठी नवा घ्यावाच लागला, हेही कबूल करतो. दुकानात मी एवढेच विचारले, "यातली रॅम पुढे वाढवता येईल ना?" काही लॅपटॉपांत ती मदरबोर्डवरच जोडून टाकलेली असते. विक्रेत्याने खोके उलटसुलट करून पाहिले आणि आत कोणालातरी विचारायला गेला.